२३ किलोंचं सेमिस्टर

ताईच्या दिवाणखान्यात मधोमध एक निळी बॅग तीन दिवसांपासून आ वासून पडली आहे. घरातले सगळे तिला वळसा घालून ये-जा करतात, जाता जाता आत एखादी वस्तू टाकतात आणि भाची ती बाहेर काढते. ती सप्टेंबरात बेल्जियममधल्या लूव्हनला चालली आहे, एका सेमिस्टरसाठी. मला बोलावून घेतलंय ते "तू जाऊन आलीस ना" एवढ्या एकाच पात्रतेवर. मी गेले होते ते इटलीत, बोलोन्याला, त्यालाही आता दहा वर्षं होऊन गेली. पण ताईच्या लेखी युरोप हा एकच देश आहे आणि मी तिथली जाणकार.

खरं सांगायचं तर बॅग भरण्यातलं मला जे काही कळतं ते चुकीची बॅग भरल्यामुळे कळलंय.

सेमिस्टर ही मुळात अडनिडी मुदत. पंधरा दिवस फिरायला जायचं तर माणूस चार जोड घेतो आणि निघतो. दोन वर्षांसाठी जायचं तर सरळ बिऱ्हाडच हलवतो. पाच महिन्यांचं काय करायचं? पाहुणचार घ्यायला फार, संसार मांडायला कमी. कायद्यालाही हा पेच पडलेला दिसतो. एकाच व्हिसावर फिरता येतं त्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसांपर्यंत तुम्ही पाहुणे. त्याच्या पुढे राहायचं तर त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा आणि पोचल्यावर सरकारदरबारी नोंदणी हवी. त्यासाठी बेल्जियममध्ये कामकाजाचे आठ दिवस मिळतात, इटलीतही आठच. म्हणजे विमानातून उतरल्यावर दीड-दोन आठवड्यांत तुम्ही पाहुणीच्या रहिवासी होता, आणि बॅग तर पाहुणी असतानाच भरलेली असते.

मी उलटी चूक केली होती. मी घरूनच रहिवासी होऊन निघाले होते. माझ्या बॅगेत इस्त्री होती. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे होते. सहा हँगर होते. लांब दांड्याची छत्री होती, जी बॅगेत तिरकीच बसायची आणि तिच्यामुळे बाकी सगळं तिच्याभोवती रचावं लागायचं. आणि हवा काढून चपट्या करायच्या त्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. या पिशव्यांसारखी फसवी वस्तू दुसरी नसेल. स्वेटरांचा ढीग बघता बघता पापडासारखा होतो, बॅगेत केवढी तरी जागा दिसू लागते, मग तिथे आणखी स्वेटर जातात. हवा जाते, वजन कुठेच जात नाही. काट्यावर बॅग २९ किलो भरली तेव्हा हे लक्षात आलं. विमान कंपनीची मर्यादा २३ ची.

तेव्हा आमच्याकडे बॅगेचा लटकता काटा नव्हता. आधी आपण स्वतः वजनकाट्यावर उभं राहायचं, मग बॅग कवटाळून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बॅग कवटाळली की काट्यावरचा आकडाच दिसत नाही, तो वाचायला खाली कुणीतरी ओणवं बसावं लागतं. ताई बसली होती. परवा भाचीने खिशात मावणारा काटा काढला, बॅगेच्या दांड्याला अडकवून उचलला, 'बीप' वाजलं, संपलं. ताईच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसल्यासारखी मला वाटली.

बोलोन्याच्या स्टेशनवर मी उतरले ती एका रविवारच्या संध्याकाळी. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की व्हिया देल्लीन्दिपेन्देन्झा हा सरळ रस्ता गावाच्या मध्यापर्यंत जातो, दोन्ही बाजूंना कमानींचे छतवाले फुटपाथ. अर्ध्या वाटेवर माझ्या बॅगेचं एक चाक निखळलं. ते घरंगळत एका बंद दुकानाच्या शटरपाशी जाऊन थांबलं. उरलेल्या रस्त्यात ती बॅग एका बाजूला कलून, फरशीवर खर्र-खर्र आवाज करत माझ्यामागून आली आणि बाकड्यांवर बसलेली माणसं वळून बघत राहिली. खोलीवर पोचले तर घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

पुढे कधीतरी सहज वाचनात आलं. सूटकेसला चाकं लावण्याचं पेटंट बर्नार्ड सॅडो या अमेरिकी माणसाला १९७२ साली मिळालं, पण त्याची बॅग आडवी, चार चाकांवर, पट्ट्याने ओढायची. आपण आज ओढतो ती, उभी, दोन चाकांची, वर सरकत्या दांड्याची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बनवली ती १९८७ ची. आणि त्याच १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची इरॅस्मस योजना सुरू झाली, ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांपासून. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आज लूव्हनच्या किंवा बोलोन्याच्या रस्त्यावर कान दिला तर एकीचा आवाज दुसरीशिवाय ऐकूच येत नाही. लूव्हनमध्ये तर तिथली पोरं दर शुक्रवारी बॅगा ओढत घरी जातात आणि रविवारी रात्री धुतलेले कपडे घेऊन परत येतात, त्यामुळे स्टेशनच्या वाटेवर दगडी फरसबंदीवरून चाकांचा खडखडाट चालूच असतो, असं भाचीला तिथल्या एका मुलीने कळवलंय. मी तिला बॅगेच्या रंगाबद्दल काही बोलले नाही. बॅग उलटी केली, चाकं हाताने फिरवून बघितली आणि ती फरशीच्या फटीपेक्षा मोठी आहेत ना एवढं पाहिलं.

ज्याच्या नावाने ही योजना ओळखली जाते त्या इरॅस्मस या जुन्या डच विद्वानाला सामानाचा, निदान कपड्यांचा, चांगलाच फटका बसला होता, तोही बोलोन्यातच. १५०६ साली तूरिनला डॉक्टरेट घेऊन तो तिथे आला. तो ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या संघाचा, त्यामुळे अंगावर संघाचं पांढरं वस्त्र. बोलोन्यात मात्र प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणारे लोक खांद्यावरून पांढरं कापड घेत, लोकांनी लांब राहावं म्हणून. हा आपला तसाच गावातून हिंडायला लागला. लोक अंगावर धावून आले, जीव वाचला हेच नशीब, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पुढे त्याने पोपकडून वेश बदलण्याची परवानगी मिळवली. हाच इरॅस्मस १५१७ नंतर तीन-चार वर्षं लूव्हनला राहिला, आणि लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवणारं तिथलं त्रिभाषा महाविद्यालय उभं राहायला त्याने हातभार लावला. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा तिने काय करावं? पांढरा रेनकोट बाहेर काढून ठेवला.

कपड्यांच्या बाबतीत माझंही काहीसं इरॅस्मससारखंच झालं. युरोप म्हणजे थंडी, या एका वाक्यावर मी बॅग भरली होती आणि सप्टेंबरातलं बोलोन्या घामाने निथळत होतं. पहिले तीन आठवडे मी दोनच टी-शर्ट आलटून पालटून घातले. मग ऑक्टोबर आला आणि घर एकदम गारठलं. रेडिएटरला हात लावला तर तो थंडगार. माझ्या खोलीजोडीदारणीने शांतपणे सांगितलं, पंधरा तारखेपर्यंत चालू होणार नाही. इटलीत घरं कधीपासून तापवायची हे हवामानाच्या पट्ट्यांनुसार कायद्याने ठरलेलं आहे. बोलोन्या 'ई' पट्ट्यात, म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. त्या आठवड्यात बाहेर उन्हात बरं वाटायचं आणि घरात शिरलं की स्वेटर. हिवाळ्यात नेमकं उलट. बाहेर पो नदीच्या खोऱ्यातलं ते ओलसर धुकं हाडांत शिरायचं आणि वर्गात पाऊल टाकलं की घाम. माझा घरून आणलेला भलाजाड स्वेटर दोन्हीकडे निरुपयोगी ठरला. बाहेर वारा आत घ्यायचा आणि आत काढताना केसांसकट निघायचा. उपयोगी पडल्या त्या पातळ पातळ गोष्टी, एकावर एक चढवायच्या आणि एकेक उतरवायच्या. जाड कोट शेवटी मी पियाझ्झा ओत्तो आगोस्तोच्या बाजारात, जो शुक्रवारी-शनिवारी भरतो, पंधरा युरोंना घेतला. कुणीतरी वापरलेला होता. डाव्या खिशात बसचं जुनं तिकीट निघालं.

आणि छत्री! तिच्यासाठी मी केवढी जागा वाया घालवली होती. बोलोन्यात सगळे मिळून ६२ किलोमीटर छतवाले फुटपाथ आहेत. २०२१ मध्ये त्यांना युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. मुसळधार पावसात घरातून निघून मी कोरड्या केसांनी वर्गात पोचायचे. हे फुटपाथ झाले कसे, ते कळल्यावर मला छत्रीचं दुःख थोडं कमी झालं. मध्ययुगात तिथलं विद्यापीठ नावारूपाला आलं तसे दुरून दुरून विद्यार्थी यायला लागले. आल्प्स ओलांडून येणाऱ्यांचा तर वेगळा संघच होता. गावातही माणूस वाढत होता. राहायला जागा पुरेना. मग लोकांनी वरचे मजले लाकडी तुळयांवर रस्त्याच्या अंगावर पुढे काढले आणि खाली टेकू दिले. १२८८ साली गावाने नियमच केला की नव्या घराला असा ओटा-वजा रस्ता हवाच, खर्च घरमालकाचा आणि वापर सगळ्यांचा. उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे साधारण २.६६ मीटर, घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतकी. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर काझा इझोलानी नावाचं घर आहे, त्याचे ओकचे ते उंच जुने खांब अजून उभे आहेत. मी त्यातल्या एकाला टेकून अनेकदा मैत्रिणींची वाट पाहिली आहे. आठशे वर्षांपूर्वी आलेल्या कुणा पोराच्या पेटीसाठी घर दोन हात पुढे सरकलं आणि त्याच्या खालून मी माझी एकचाकी बॅग ओढत नेली.

कपाटाबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण ते उघडल्यावर मी खाटेवर बसून हसले होते.

आमच्या घरात चार मुली. दर सहा महिन्यांनी त्यातल्या एक-दोघी बदलायच्या. मालकीणबाईंनी किल्ली दिली, एक कपाट दाखवलं आणि म्हणाल्या, आतलं सगळं तुझंच समज. आत अकरा हँगर होते. दारामागे घडीचा कपडे वाळत घालायचा स्टँड, ज्याची एक तार तुटून तिथे सुतळी बांधलेली. जळक्या दांड्याचा कॉफीचा मोका पॉट. एका हाताचा लोकरी मोजा. एक इस्त्री, माझ्यापेक्षा चांगली. कोपऱ्यात तीन छत्र्या. आणि खालच्या खणात अडॅप्टर, निदान पंधरा तरी. चपट्या दोन पट्ट्यांचे, चौकोनी तीन पिनांचे, तिरक्या पिनांचे, सगळं जग पिळून त्या खणात ओतल्यासारखं. प्रत्येकीने घरून निघताना हौसेने घेतलेले आणि जाताना वजन जास्त होतंय म्हणून टाकून दिलेले. मी माझे सहा हँगर काढले आणि त्यांच्या शेजारी लावले. सतरा झाले.

अडॅप्टरवरून आठवलं. हे ताईला पटवायला मला अर्धा तास लागला. युरोपात वीज सगळीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, पण प्लग एक नाही. मी जर्मन पद्धतीचा गोल, जाडजूड 'युरोपियन अडॅप्टर' घेऊन गेले होते. इटलीत भिंतीत एका ओळीत तीन बारीक भोकं. माझा गोल अडॅप्टर त्या भिंतीला नाक घासत राहिला. बेल्जियममध्ये आणखी वेगळं, तिथे सॉकेटमधूनच अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते. दोन बारीक गोल पिनांचा चपटा प्लग तेवढा या तिन्ही देशांत जातो. भाचीला मी म्हटलं, एक अडॅप्टर तिथला घे आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड ने, त्यावर सगळं चालेल. इस्त्री नको म्हणून मी का सांगतेय, तेही सांगितलं. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुतेक घरांत ३ किलोवॅटची. आमच्याकडे वॉशिंग मशीन चालू असताना मी माझी इस्त्री लावली आणि चौथा मजला अंधारात गेला. मीटर तळमजल्यावर. चार जिने उतरून खटका वर करायचा, चार जिने चढायचे. घरातल्या बाकी तिघींनी मला त्या दिवसापासून जे टोपणनाव दिलं त्याचं भाषांतर मी इथे करणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मूळ कागद हातातल्या बॅगेत, पॉवर बँकही तिथेच, कारण ती खालच्या सामानात चालत नाही. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव. चष्म्याची दुसरी जोडी. पासपोर्ट आकाराचे फोटो भरपूर. इटलीत निवास परवान्यालाच मला चार लागले होते, शिवाय तंबाखूच्या दुकानातून आणलेलं १६ युरोंचं महसुली तिकीट. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेता येत नाहीत, हे ऐकून ताईने तिच्या यादीतल्या सलग तीन ओळी खोडल्या आणि पेन खाली ठेवलं.

मग राहण्याचा विषय निघाला. भाची म्हणाली, "अगं आई, मला कॉट मिळाली ना, कालच मेल आला."

ताईने विचारलं, "नुसती कॉट? खोली कुठाय?"

लूव्हनमध्ये, आणि एकूणच त्या भागात, विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोलीला 'कॉट' म्हणतात. हे उलगडेपर्यंत बराच गोंधळ झाला, भाऊजी आतून बाहेर आले. पण मेलमध्ये खाली एक ओळ होती ती ताईने चष्मा लावून दोनदा वाचली. खोलीत गादी मिळेल, चादर, उशी, पांघरूण आपलं आपण आणायचं.

"तिथे मिळतं सगळं," भाची म्हणाली. "मावशी, सांग ना हिला."

मिळतं. मी खरंच तसं सांगायला तोंड उघडलं. आणि मला तो बोलोन्यातला रविवार आठवला. बॅग चौथ्या मजल्यावर चढवून झाली होती, हँगर लावून झाले होते. बाहेर पडले तर दुकानं बंद. बॅगेत इस्त्री होती, दोन डझन चिमटे होते, पाच किलो स्वेटर होते, पण गादीवर अंथरायला काही नव्हतं. नुसत्या गादीला एक वास असतो, आधी झोपून गेलेल्या अनेकांचा मिळून. मी त्या वासावर टॉवेल पसरला, स्वेटरांची पिशवी डोक्याखाली घेतली. हवा काढलेली असल्यामुळे ती पाटासारखी कडक झाली होती. मग उठून झाकण उघडलं आणि तिच्यात हवा शिरू दिली.

हे मी ताईला दहा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तेव्हा म्हटलं होतं, छान आहे खोली, मस्त झोप लागली. परवाही सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "पहिल्या रात्री दुकानं उघडी असतील असं धरून चालू नकोस."

भाचीने मान हलवली आणि काट्यावर बॅग तोलली. २१.४ आली. दीड किलोहून जास्त जागा शिल्लक आहे हे ऐकून ती इतकी खूश झाली की मीही लगेच संधी साधली आणि माझं जुनं, जाडजूड युरोप प्रवासाचं पुस्तक आत सरकवलं. समासात माझ्या नोंदी आहेत त्यात, कुठल्या स्टेशनवर काय टाळावं वगैरे.

काल सकाळी तिने पुन्हा तोललं. २३.३.

"रात्री हिला कुणी हात लावला?"

कुणीच बोललं नाही. ताई गॅसकडे तोंड करून उभी होती. भाचीने चेन उघडली. वरच एक चादर होती, सुती, फिक्या निळ्या चौकड्यांची, चार घड्या घालून इस्त्री केलेली, आणि तिच्या आत उशीचा अभ्रा. तिने चादर हातात घेतली, बाहेर काढणार असं वाटलं. मग ती पुन्हा होती तशी ठेवली, तिच्या खालून माझं पुस्तक ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तिथल्या लायब्ररीत असेल ना गं मावशी?"

तोलल्यावर २२.६ भरली.